पोलिसांनी उचलून नेलं आणि कोर्टात हजरच केलं नाही? हेबिअस कॉर्पस अर्जाची माहिती

घरातल्या माणसाला पोलीस घेऊन गेले आणि स्टेशनला विचारलं तर "आमच्याकडे नाहीये" किंवा "साहेब आले की बघू", असं चालू असेल तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात हेबिअस कॉर्पस टाकता येतो, म्हणजे माणसाला आमच्यासमोर आणा आणि कशाच्या आधारावर ठेवलाय ते सांगा असं कोर्ट विचारतं. कलम ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टातही जाता येतं, पण बहुतेक वेळा आधी हायकोर्टच बघा म्हणतात.

अर्ज कोण करू शकतं? आत असलेल्याची सही लागत नाही. बायको, भाऊ, मित्र कोणीही चालतं.

पण आधी एक बघा, मॅजिस्ट्रेटने रिमांड दिलाय का? कलम २२ नुसार २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) हजर करावंच लागतं, आणि एकदा रिमांडची ऑर्डर झाली की हा अर्ज सहसा टिकत नाही, मग जामिनाचा रस्ता. घोळ इथेच होतो, माणूस सकाळी ११ ला नेलेला असतो आणि कागदावर अटक रात्री ९ ची दाखवतात! म्हणून नेल्याची वेळ, गाडीचा नंबर, कोणी पाहिलं ते लगेच लिहून ठेवा, सोसायटीच्या गेटचं फुटेज तर त्याच दिवशी मागून घ्या, नंतर ते पुसलं जातं.

कागदपत्रं म्हणाल तर अर्ज, अॅफिडेव्हिट, वकीलपत्र, अर्जदाराचं आयडी, आतल्या माणसाचा फोटो, आणि एसपी किंवा कमिशनरला केलेल्या तक्रारीची पोच, ईमेल असेल तर प्रिंट. एखादा कागद मिळत नसेल तर त्यासाठी थांबू नका, अर्जात तसं लिहायचं. सुनील बत्रा केसमध्ये तर सुप्रीम कोर्टाने तिहारच्या कैद्याचं पत्रच अर्ज म्हणून घेतलं होतं.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० ला फोन करा. महिला, एससी-एसटी आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

१९७६ मध्ये आणीबाणीत सुप्रीम कोर्टाने हा दरवाजाच बंद केला होता, पाचपैकी एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर आणीबाणीतही कलम २१ ची (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) दाद थांबवता येत नाही, त्यामुळे "वरून ऑर्डर आहे" एवढ्यावर गप्प बसू नका, ऑर्डरची कॉपी मागा.

एमपीडीएखाली (धोकादायक व्यक्तींना खबरदारी म्हणून आधीच अडकवून ठेवण्याचा महाराष्ट्राचा कायदा) स्थानबद्ध केलं असेल तर मात्र २४ तासांचा नियम लागू नाही, तिथे ऑर्डरची कारणं कळवली का आणि तुमच्या निवेदनावर निर्णय घ्यायला उशीर केला का, यावर अर्ज उभा राहतो.