‘सुरत’च्या मागची साठ वर्षं

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच सुटली की मागे माझगाव डॉकच्या क्रेन दिसू लागतात. त्यांच्या पायाशी कधी एखादं करड्या रंगाचं जहाज बांधून ठेवलेलं असतं. रोज ये-जा करणारे तिकडे बघतही नाहीत. नवखा माणूस बघतो, आणि त्याची नजर सरळ पुढच्या तोफेवर जाते. युद्धनौका म्हणजे तोफ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आजच्या विनाशिकेची ओळख पटवायची तर बघायची ती डोलकाठी. तिच्या माथ्यावर चार दिशांना तोंड करून चार सपाट फळ्या बसवलेल्या असतात. फिरणारी जाळी नाही, गरगरणारं काही नाही. या मुक्या फळ्या म्हणजेच जहाजाचं मुख्य रडार, आणि त्या तिथवर कशा पोचल्या याचीच ही गोष्ट.

निमित्त ‘आयएनएस सुरत’चं. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत पंतप्रधानांच्या हस्ते ती नौदलात दाखल झाली. सोबत ‘निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘वाघशीर’ ही पाणबुडीही होती, म्हणजे माझगाव डॉकनं बांधलेली तीन लढाऊ जहाजं एका दिवसात नौदलात दाखल झाली. ‘प्रकल्प १५ बी’ मधली ही चौथी आणि शेवटची विनाशिका. लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन, वेग ताशी ३० सागरी मैलांच्या वर. जहाजं मारायला १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रं, हवेतून येणारं पाडायला ३२ बराक, पाणतीर, पाणबुडीविरोधी रॉकेटं, दोन हेलिकॉप्टरची सोय. वर्तमानपत्रांत ही यादी छापून आलीच. यादी वाचून जहाज किती जबर आहे ते कळतं, पण तसंच का बांधलं ते कळत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं, आणि तेही आधी मुंबईला नव्हे, पोर्ट सैदला.

२१ ऑक्टोबर १९६७. इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरासमोर ‘एलात’ ही इस्रायली विनाशिका गस्त घालत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, ब्रिटिश नौदलाकडून आलेलं जहाज. बंदराच्या आडोशाला असलेल्या इजिप्तच्या छोट्या सोव्हिएत बोटींनी तिच्यावर ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रं डागली आणि एलात बुडाली. ४७ खलाशी गेले. मच्छीमारी ट्रॉलरपेक्षा फार मोठी नसलेली बोट आख्खी विनाशिका बुडवू शकते, हे जगभरच्या नौदलांना त्या संध्याकाळी समजलं.

भारतानंही ते समजून घेतलं, पण आधी मारणाऱ्याच्या बाजूनं. त्याच जातीच्या, जरा मोठ्या ‘ओसा’ क्षेपणास्त्र बोटी सोव्हिएत संघाकडून घेतल्या. १९७१ च्या सुरुवातीला त्या आल्या तेव्हा एवढं वजन उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती. मग त्या कोलकात्याला उतरवल्या आणि द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईपर्यंत ओढत आणल्या. पुढे ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनी कराचीसमोर काय केलं ते आपण दरवर्षी नौदल दिनाला ऐकतो. त्यातला एक तपशील मात्र भाषणांत फारसा येत नाही. ‘निर्घात’चं क्षेपणास्त्र येताना ‘खैबर’ या पाकिस्तानी विनाशिकेवरच्या लोकांना दिसलं होतं. अंधारातून येणारा तो उजेड त्यांना विमान वाटला. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या, आणि शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचा संदेशही धाडला. आपल्याला कशानं मारलं हे कळायच्या आत जहाज गेलं.

खैबरवरचे लोक निष्काळजी होते असं नाही. त्यांच्या जहाजाला येणारं क्षेपणास्त्र ओळखायची आणि अडवायची सोयच नव्हती. तशी ती आपल्याही जहाजांना नव्हती.

त्या वेळी पश्चिम ताफ्याच्या मोहिमांची आखणी पाहणारे अधिकारी होते गुलाब मोहनलाल हिरानंदानी. नऊ वर्षांनी, ४ मे १९८० रोजी, जॉर्जियातल्या पोटी बंदरात ‘आयएनएस राजपूत’वर तिरंगा चढला, तेव्हा तिचे पहिले कप्तान हेच हिरानंदानी होते. क्षेपणास्त्राच्या हल्ल्याची आखणी केलेल्या माणसाच्या हाती भारताची पहिली क्षेपणास्त्र विनाशिका आली. कादंबरीत असं लिहिलं असतं तर लेखकानं जुळवून आणलं म्हणून आपण नाक मुरडलं असतं.

‘राजपूत’ बांधली गेली युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरात, सोव्हिएत नावानं निकोलायेव्हमध्ये. हे शहर लक्षात ठेवा, ते परत येणार आहे. ‘राणा’, ‘रणजीत’, ‘रणवीर’ आणि ‘रणविजय’ धरून या जातीची पाच जहाजं १९८७ पर्यंत आली. त्यांच्यावर जहाजं मारायला स्टिक्सचीच पुढची आवृत्ती होती आणि विमानं पाडायला ‘व्होल्ना’ क्षेपणास्त्रं. दोन दांड्यांच्या लाँचरवर क्षेपणास्त्र चढवायचं, तबकडी लक्ष्याकडे वळवायची आणि ते पोचेपर्यंत खालून त्याला वाट दाखवत राहायचं. एका वेळी एक लक्ष्य असेल तर ठीक. चार दिशांनी चार आली तर?

१९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात हा प्रश्न ब्रिटिशांपुढे आला. ‘एचएमएस शेफील्ड’ ही जुनीपानी नौका नव्हती, हवाई संरक्षणासाठीच बांधलेली क्षेपणास्त्र विनाशिका होती. ४ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानातून सुटलेलं एक्झोसेट क्षेपणास्त्र पाण्याला चाटून आलं आणि तिच्या कुशीत घुसलं. २० जण मेले. जळालेलं जहाज ओढून नेत असताना १० मे रोजी बुडालं.

इथे थोडं गणित करायला हरकत नाही. पृथ्वी गोल आहे, आणि रडारची नजर सरळ जाते. डोलकाठीवर २५ मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला पाण्यापासून पाच मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र जेमतेम ३० किलोमीटरवर दिसू लागतं. त्याच्या पलीकडे ते क्षितिजाआड असतं, रडार कितीही ताकदीचं असो. एक्झोसेट सेकंदाला साधारण ३०० मीटर जातं, म्हणजे हातात १०० सेकंद. ब्राह्मोसच्या जातीचं असेल तर सेकंदाला जवळपास एक किलोमीटर, म्हणजे अर्धं मिनिट. एवढ्यात ते दिसलं पाहिजे, शत्रूचंच आहे याची खात्री झाली पाहिजे, आपलं क्षेपणास्त्र सुटलं पाहिजे आणि जहाजापासून पुरेसं लांब त्याला गाठलं पाहिजे. फिरणारी जाळी एक फेरी पूर्ण करून परत त्याच जागी येईपर्यंत काही सेकंद जातात. त्या काही सेकंदांची किंमत ‘शेफील्ड’नंतर सगळ्यांना कळली. माझ्या मते विनाशिकांचा त्यापुढचा सगळा इतिहास हा या सेकंदांच्या वसुलीचा आहे. तोफा, वेग, वजन या गोष्टी त्यामागून येतात.

दरम्यान माझगावात काय चाललं होतं? ही गोदी जुनी, १७७४ सालातली. सरकारनं ती १९६० मध्ये ताब्यात घेतली. मुंबईची जहाजबांधणी त्याहून जुनी. लवजी नुसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले ते सुरतेहून. जहाज बांधायची कला सुरतेची आणि बंदर मुंबईचं. नव्या विनाशिकेला ‘सुरत’ हे नाव देताना ते कोणाच्या ध्यानात होतं का कोण जाणे, पण शोभून दिसलं. माझगावची पहिली आधुनिक युद्धनौका म्हणजे ब्रिटिश आराखड्यावरची जुनी ‘निलगिरी’, १९७२ सालची. मग १९८३ ची ‘गोदावरी’. तिची कुडी त्याच ब्रिटिश आराखड्याची, वाढवलेली. क्षेपणास्त्रं सोव्हिएत, आतली यंत्रं काही पाश्चात्त्य, काही देशी. एकमेकांशी बोलायला न शिकलेली ही मंडळी एका छताखाली नांदवायची हे काम सोपं नव्हतं. पुढच्या सगळ्या विनाशिकांची शाळा खरं तर ‘गोदावरी’वर भरली.

‘आयएनएस दिल्ली’ची कील, म्हणजे तळाचा कणा, १९८७ मध्ये बसली. जहाज १९९१ मध्ये पाण्यात उतरलं, आणि त्याच वर्षअखेरीस ज्या देशाकडून निम्मं सामान यायचं होतं तो देशच नकाशावरून गेला. कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले. ‘दिल्ली’ नौदलात यायला नोव्हेंबर १९९७ उजाडला. पाठोपाठ १९९९ मध्ये ‘म्हैसूर’ आणि २००१ मध्ये ‘मुंबई’. दिसायला देखणी जहाजं. २००६ मध्ये लेबनॉनमधून आणि २०१५ मध्ये येमेनमधून भारतीयांना बाहेर काढायला गेलेल्या जहाजांत ‘मुंबई’ होती. पण हवाई संरक्षणासाठी वर चढवलेलं ‘श्टिल’ क्षेपणास्त्र हे जुन्याच तत्त्वावरचं: लक्ष्यावर जहाजावरून सतत प्रकाशझोत धरल्यासारखा रडारचा किरण धरायचा आणि क्षेपणास्त्रानं त्याच्या परावर्तनामागे जायचं. जेवढे झोत, तेवढीच लक्ष्यं.

ही अट सुटली ‘प्रकल्प १५ ए’मध्ये, म्हणजे ‘दिल्ली’नंतरच्या ‘कोलकाता’ जातीच्या विनाशिकांत. इस्रायल आणि आपली संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओ यांनी मिळून केलेल्या बराक-८ क्षेपणास्त्राच्या नाकातच स्वतःचं छोटं रडार आहे. शेवटच्या टप्प्यात ते आपलं भक्ष्य आपणच शोधतं. जहाज दुसरीकडे बघायला मोकळं. आणि बघायला त्या चार फळ्या. मान न वळवता चारी दिशांना एकाच वेळी पाहणारं एमएफ-स्टार रडार. डेकवर लाँचरच्या दांड्या उरल्या नाहीत. आहेत ती चौकोनी झाकणं. झाकण उघडतं, क्षेपणास्त्र सरळ वर जातं आणि हवेतच वळतं.

कागदावर हे फार छान होतं. ‘कोलकाता’ २००६ मध्ये पाण्यात उतरली आणि नौदलात आली ती ऑगस्ट २०१४ मध्ये. आठ वर्षं. युद्धनौकेचं खास पोलाद रशियातून यायचं, ते अडलं. यातूनच डीएमआर २४९ए हे देशी पोलाद पुढे आलं, आणि आज आपल्या युद्धनौका त्याच्याच असतात, हा या दिरंगाईचा एकमेव फायदा. चाचण्यांच्या वेळी मार्च २०१४ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या गळतीत एका अधिकाऱ्याचा जीव गेला. आणि सगळं होऊन समारंभ झाला तेव्हा ज्याच्यासाठी हा खटाटोप, ते बराक-८ जहाजावर नव्हतंच. ‘कोलकाता’वरून त्याची पहिली चाचणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. सव्वा वर्ष ती विनाशिका लग्नाच्या मांडवात मुंडावळ्यांशिवाय उभी होती म्हणायची.

मारणारं अस्त्र मात्र वेळेत तयार होत गेलं. ब्राह्मोसची पहिली चाचणी २००१ मध्ये झाली, २००५ पासून ते म्हाताऱ्या ‘राजपूत’वर बसलं, आणि डिसेंबर २००८ मध्ये ‘रणवीर’वरून ते पहिल्यांदा जहाजावरून सरळ उभं सुटलं. नव्या जहाजांवरच्या उभ्या नळ्यांची तालीम जुन्या सोव्हिएत जहाजांवर झाली.

‘प्रकल्प १५ बी’चा करार २०११ चा. कुडी ‘कोलकाता’सारखीच, फक्त शत्रूच्या रडारला कमी दिसावी म्हणून वरचा भाग अधिक सपाट आणि कललेला. १२७ मिलिमीटरची मोठी तोफ बसवायचा बेत होता. तो फिसकटला आणि ७६ मिलिमीटरचीच राहिली. तोफेवाचून फारसं काही अडलं नाही, यातच काय ते आलं. जून २०१९ मध्ये बांधणी चालू असलेल्या ‘विशाखापट्टणम’वर आग लागून एक कंत्राटी कामगार दगावला. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखल झाली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘राजपूत’ ४१ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली होती. दुसरी ‘मोरमुगाव’, म्हणजे आपण मराठीत ज्याला मुरगाव म्हणतो ते गोव्याचं बंदर. तिची पहिली सागरी चाचणी १९ डिसेंबर २०२१ रोजी, गोवामुक्तीला साठ वर्षं झाली त्याच दिवशी झाली, आणि नौदलात ती पुढच्या वर्षी १८ डिसेंबरला आली. तिसरी ‘इंफाळ’, डिसेंबर २०२३ ची.

‘सुरत’ पाण्यात उतरली मे २०२२ मध्ये आणि डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या ताब्यात आली. ३१ महिने. ‘कोलकाता’ची आठ वर्षं आठवली की हा आकडा किती लहान ते कळतं. देशी सामानाचा वाटा ‘दिल्ली’त ४२ टक्के होता, ‘कोलकाता’त ५९, या मालिकेत ७२ च्या पुढे. पण उरलेल्या टक्क्यांत काय आहे तेही पाहावं. ‘सुरत’ला ढकलणारी चारही गॅस टर्बाइन झोर्या कारखान्याच्या आराखड्याची, आणि झोर्या आहे मिकोलाइव्हमध्ये. ‘राजपूत’ जिथे जन्मली तेच शहर. फेब्रुवारी २०२२ पासून तिथे रशियन क्षेपणास्त्रं पडत आहेत.

‘सुरत’ला नौदलात येऊन चौदा आठवडे झाले होते. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगामच्या हल्ल्याला दोन दिवस होत असताना, नौदलानं तिची एक चाचणी जाहीर केली. अरबी समुद्रावर एक लक्ष्य सोडलं होतं, पाण्याला चाटून उडणारं, ‘शेफील्ड’वर आलं होतं तसं. झाकण उघडलं, क्षेपणास्त्र वर गेलं, वळलं, आणि ते लक्ष्य त्यानं वाटेतच पाडलं.