दहा फाटे म्हणजे दहा वर्षं?

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अनेक शाळांना सुट्टी असते. या सुट्टीचं मूळ आहे पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीत. ज्या प्राण्याचं एवढं वेड, त्याच्याबद्दल गैरसमजही तितकेच, आणि त्यातले बरेचसे शिंगांनाच लटकलेले.

सगळ्यात चिवट समज म्हणजे फाटे मोजले की वय कळतं. दहा फाटे, दहा वर्षं. पण हे शिंग वर्षानुवर्षं वाढत जाणारी वस्तूच नाही. काळविटाचं शिंग जन्मभर टिकतं. पांढऱ्या शेपटीचा नर मात्र, आपल्या चितळासारखाच, शिंगं गाळतो आणि नवी उगवतो. वसंतात मखमली कातडीखाली फुटलेलं हे हाड उन्हाळा सरता सरता तयार होतं. हिवाळ्यात, फार तर वसंताच्या तोंडाशी, गळून पडतं. दरवर्षी पाटी कोरी. चांगलं खायला मिळालं तर दीड वर्षाचा नरही आठ फाटे मिरवतो, आणि म्हातारपणी शिंगं पुन्हा उतरणीला लागतात. वयाचा अंदाज घ्यायला जाणकार मेलेल्या हरणाच्या दाढांची झीज पाहतात.

दुसरा समज जास्त नुकसान करतो. पहिल्या वर्षी नुसते दोन सुळके आलेला नर म्हणजे ‘वाईट बीज’, तो मारला की कळप सुधारतो! वंशाचा वाटा आहेच. टेक्सासमध्ये कुंपणातल्या हरणांवर झालेल्या प्रयोगांत तो दिसलाही. पण उशिरा जन्मलेल्या किंवा अर्धपोटी वाढलेल्या पाडसालाही सुळकेच येतात. शिवाय निम्मी जनुकं आईची, आणि तिच्या डोक्यावर शिंगंच नाहीत. तिचं बीज पारखणार कसं? त्यात बरेच तरुण नर वर्षभराचे झाले की जन्मस्थळ सोडून जातात. आपल्या रानात निवड करावी आणि शेजारच्या रानातून भलतेच नर यावेत, असा तो प्रकार.

मोठी शिंगं दुर्मिळ असण्याचं खरं कारण साधं आहे : नर तेवढे जगतच नाहीत. शिंगं ऐन भरात येतात पाचव्या ते सातव्या वर्षी. पेनसिल्व्हेनियात बहुतेक नर दीड वर्षाचेच मारले जात. म्हणून 2002 साली तिथे एका बाजूला किमान तीन किंवा चार फाटे असलेलाच नर मारायचा, असा नियम आला. इथे फाटे मोजणं कामाला आलं, पण ते कोवळे नर वाचवण्यासाठी.

माजाच्या काळात एकच दांडगा नर सगळ्या माद्या राखतो, हेही डीएनए तपासण्यांनी खोटं ठरवलं. तरुण नरांचीही बरीच पिल्लं निघाली. काही जुळ्या पाडसांचे तर बापच वेगवेगळे निघाले! आणि माज कधी येणार हे पौर्णिमा ठरवत नाही, लहान होत जाणारा दिवस ठरवतो.

राहिला शिकाऱ्यांचा भडक नारिंगी अंगरखा. तो इतर शिकाऱ्यांना दिसावा म्हणून सक्तीचा असतो, आणि त्याने हरीण पळेल ही भीती अनेकांना वाटते. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे नारिंगी आणि हिरवा त्याला जवळपास सारखेच. निळा मात्र त्याला झकास दिसतो. त्यामुळे ज्या धुण्याच्या पावडरीने कपडे ‘लख्ख’ होतात, तिच्यातली निळसर चमक देणारी द्रव्यंच शिकाऱ्याचा घात करू शकतात.