रॅम डिस्कची हद्द कोणी ठरवायची? एम्बेडेड लिनक्समधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

एम्बेडेड बोर्डावर (राउटरसारख्या उपकरणातल्या छोट्या संगणकावर) लिनक्स चढवताना 'इमेज मावत नाही' ही तक्रार आजही येते; इमेज म्हणजे सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा. कधी ड्रायव्हरची हद्द आडवी येते, कधी फाइल सिस्टिमची, तर कधी मुळात रॅमच पुरत नाही. तिन्ही दुखण्यांवर औषध मात्र एकच दिलं जातं: बूट आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) दिल्या जाणाऱ्या ओळीत, 'रॅमडिस्क_साइज'चा आकडा वाढवायचा. पहिल्या दुखण्यावर ते लागू पडतं. उरलेल्या दोन्हींवर पडत नाही, आणि तरीही तेच दिलं जातं. ही सवय तीस वर्षांत थरावर थर चढत तयार झाली आहे.

रॅम डिस्क, म्हणजे डिस्कसारखा वापरलेला रॅमचा तुकडा, लिनक्सच्या आधीची. पीसी डॉस ३.० (१९८४) बरोबर 'व्हीडिस्क.सिस' आली, आकार सांगितला नाही तर ती ६४ केबीची डिस्क बांधायची. अमिगावरची रॅम डिस्क याच्या उलट. लागेल तेवढी वाढायची आणि म्हणून कायम शंभर टक्के भरलेली दिसायची. हद्द आधी आखून द्यायची की गरजेप्रमाणे वाढू द्यायचं, हे दोन पक्ष तेव्हापासूनचे.

लिनक्समध्ये रॅम डिस्क आली ती फ्लॉपीच्या गरजेतून. १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवर कर्नल आणि दाबून (कॉम्प्रेस करून) भरलेली रूट फाइल सिस्टिम, म्हणजे यंत्र चालायला लागणाऱ्या मूळ फाइली, दोन्ही बसवायची, बूट होताना ती रॅममध्ये उलगडायची आणि फ्लॉपी मोकळी करायची. सुरुवातीच्या ड्रायव्हरला आकार आधी सांगावा लागे, आणि तो कर्नल इमेजमधल्या एका शब्दात 'आरडेव्ह -आर' या आज्ञेने कोरला जाई. कर्नलच्या १.३.४८ आवृत्तीत ड्रायव्हर जवळजवळ नव्याने लिहिला गेला. आता तो बफर कॅशमधून (डिस्कवरचा मजकूर कर्नल रॅममध्ये तात्पुरता ठेवतो तिथून) लागेल तशी मेमरीची पानं घेऊ लागला आणि सांगितलेला आकार ही फक्त वरची हद्द उरली. त्याच फेरीत 'आरडेव्ह -आर'चा अर्थही पालटला. तोच शब्द आता आकाराऐवजी फ्लॉपीवर इमेज कुठून सुरू होते ते सांगू लागला. खालचे अकरा बिट जागेसाठी, चौदावा 'लोड कर' म्हणून, पंधरावा 'फ्लॉपी बदलायला सांग' म्हणून. कर्नलच्या कागदपत्रांत दिलेला ४९५५२ हा आकडा असाच जमवलेला आहे: दोन बिटांचे ४९१५२ आणि चारशेव्या किलोबाइटपासून इमेज. जुन्या पुस्तकावरून आज्ञा देणाऱ्याला यातलं काहीच कळायचं नाही, कारण आज्ञा बिनतक्रार चालायची.

ठरलेला आकार ४०९६ केबी, म्हणजे चार एमबी. डिस्क सोळा. फ्लॉपीवर गच्च भरलेली इमेज उलगडली तर साधारण तेवढ्यात मावते, त्यामुळे तेव्हा तो आकडा शहाणपणाचाच होता. पुढे तो कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये गेला तेव्हा मदतीच्या मजकुरात 'काय करताय ते माहीत असेल तरच बदला' अशी तंबी जोडली गेली. २००८ मध्ये, २.६.२५ मध्ये, सगळा ड्रायव्हर पुन्हा लिहिला गेला, बफर कॅशशी असलेलं त्याचं लग्न मोडलं, पण चार एमबी जिथल्या तिथे राहिले. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच नसलेल्या बोर्डावरही हीच हद्द.

या आकड्याचं एकक केबी आहे आणि ते नुसतं आकड्यातच द्यावं लागतं. 'रॅमडिस्क_साइज=८एम' लिहिलं तर कर्नल आकडा संपेपर्यंत वाचतो, 'एम' सोडून देतो आणि आठ केबीची डिस्क बांधतो. गंमत अशी, की एआरएम प्रोसेसरवर त्याच ओळीत 'इनिटआरडी=' (बूटच्या वेळची रॅम डिस्क, तिच्याबद्दल पुढे) पुढे पत्ता आणि आकार देताना '८एम' चालतं, आणि 'मेम=६४एम' तर सगळेच लिहितात. जुन्या एआरएम बूटलोडरांकडून (कर्नल रॅममध्ये आणून सुरू करणाऱ्या प्रोग्रामांकडून) कर्नलला जाणाऱ्या टॅगांमध्येही हीच तऱ्हा: रॅम डिस्कचा टॅग उलगडलेला आकार केबीत मागतो, इनिटआरडीचा टॅग दाबलेल्या इमेजचा आकार बाइटमध्ये. दोन्हींची अदलाबदल करून दिवस घालवलेली माणसं या धंद्यात कमी नाहीत.

इनिटआरडी १९९६ मधली. बूटलोडरने इमेज रॅममध्ये आणून ठेवायची आणि कर्नलने ती रॅम डिस्कमध्ये उतरवायची. इथे हद्द लागू होते ती उलगडलेल्या आकाराला. इमेज दाबलेली नसेल तर कर्नल आधीच मोजतो आणि 'इमेज टू बिग' म्हणून दोन्ही आकडे छापतो. दाबलेली असेल तर मात्र तो उलगडत सुटतो आणि मध्येच 'इनकम्प्लीट राइट (-२८ != ३२७६८)' म्हणतो. बत्तीस केबीचा घास लिहायला गेला आणि उणे अठ्ठावीस परत आलं. अठ्ठावीस म्हणजे जागा शिल्लक नाही. पुढची ओळ रूट माउंट होत नाही (फाइल सिस्टिम जोडली जात नाही) ही, आणि बहुतेकांची नजर तिथेच जाते, वरच्या ओळीवर नाही.

या काळात इमेज बनवणं ही हातकलाच होती. आधी शून्यांनी भरलेली फाइल, कारण रिकामी जागा शून्य असेल तर ती दाबताना जवळजवळ नाहीशी होते. मग त्यावर ईएक्सटी२ ही फाइल सिस्टिम, आणि फॉरमॅट करताना '-एम ०', नाहीतर रूट वापरकर्त्यासाठी पाच टक्के राखून ठेवले जात. चार एमबीत ते दोनशे केबी होतात, म्हणजे त्या काळच्या कितीतरी बिझीबॉक्स (अनेक आज्ञा एकाच फाइलीत देणारा प्रोग्राम) बायनरींएवढे.

हद्द वाढवली म्हणून मेमरी येत नाही, हे वेगळं. सोळा एमबीच्या बोर्डावर तीन एमबीची दाबलेली इमेज आठ एमबीत उलगडत असेल, तर उलगडताना दोन्ही एकदम रॅममध्ये असतात. म्हणजे अकरा एमबी, कर्नल वेगळा. दाबलेली प्रत नंतर सोडून दिली जाते, पण नंतर म्हणजे सगळं सुखरूप पार पडल्यावर. शिवाय जुन्या ड्रायव्हरने एकदा घेतलेली पानं फाइल पुसली तरी परत येत नसत, कारण खाली डिस्क आहे आणि वरची फाइल पुसली गेली हे डिस्कला कोण सांगणार? त्यासाठी बिझीबॉक्समध्ये 'फ्रीरॅमडिस्क' नावाची वेगळी आज्ञा ठेवावी लागली.

खरा वाद २.४ च्या काळात उभा राहिला आणि तो अजून मिटलेला नाही. डिस्कचं सोंग कशाला हवं, पेज कॅशमध्येच (कर्नल फाइलींचा मजकूर रॅममध्ये ठेवतो तिथेच) फाइली ठेवा, या विचारातून २००० मध्ये रॅमएफएस ही फाइल सिस्टिम आली. कोड इतका छोटा, की लेखकाने त्यातच नोंदवून ठेवलं: ही खरी फाइल सिस्टिम म्हणून वापरण्यापेक्षा फाइल सिस्टिम कशी लिहावी याचं उदाहरण म्हणून जास्त कामाची. आकाराची हद्द नाही. लिहीत जाल तितकी रॅम खात जाईल.

एम्बेडेडवाल्यांना ही फुकटची मेजवानी होती. ब्लॉक डिव्हाइस नाही, ईएक्सटी२ नाही, एकच गोष्ट डिस्कमध्ये आणि कॅशमध्ये दोनदा ठेवणं नाही, फाइल पुसली की पान मोकळं. पण स्वॅप (रॅम कमी पडली की मजकूर डिस्कवर हलवण्याची सोय) नसलेल्या बोर्डावर एखादी लॉग फाइल रात्रभर वाढत राहिली की सकाळी कर्नल प्रोसेस मारायला लागलेला असे. आणि मारून उपयोग शून्य, कारण रॅमएफएसमधली फाइल कोणत्याच प्रोसेसच्या मालकीची नसते. प्रोसेस मेली तरी फाइल तिथेच.

तेव्हा हद्दीचा पॅच आला. त्या स्रोत फाइलच्या माथ्यावर आजही 'वापरावरच्या मर्यादा अमक्याने जोडल्या' अशी ओळ आहे. खाली कोडमध्ये मर्यादा शोधा, सापडणार नाही. मुख्य कर्नलमध्ये रॅमएफएस साधीच ठेवली गेली आणि हद्दीचं काम टीएमपीएफएस या रॅममधल्याच दुसऱ्या फाइल सिस्टिमकडे गेलं. साधेपणाची बाजू समजते: उदाहरण म्हणून लिहिलेल्या कोडवर हिशेबनिसाचं ओझं नको. पण त्याबरोबर आलेली दुसरी गोष्ट पटत नाही. रॅमएफएस माउंट करताना 'साइज=८एम' दिलं तर ती नकार देत नाही, इशाराही देत नाही. अनोळखी ऑप्शन निमूट गिळते आणि बिनहद्दीची माउंट होते. कोडमधल्या टिपेत कारणही आहे: रॅमएफएस पूर्वीपासून ऑप्शन दुर्लक्षत आली आहे, आणि टीएमपीएफएस नसलेल्या कर्नलमध्ये तिची जागा हीच घेते, तेव्हा तसंच चालू द्यावं. म्हणजे स्क्रिप्टमध्ये हद्द लिहिलेली दिसते, तपासणाऱ्याला ती असल्याचं वाटतं आणि प्रत्यक्षात ती नसते. न लिहिलेली हद्द परवडली. उत्पादन बाजारात गेल्यावर असली हद्द शोधणं फार महाग पडतं.

टीएमपीएफएसने हद्द पाळली, पण ठरलेला आकडा रॅमच्या निम्मा ठेवला. डेस्कटॉपवर ते खपून जातं. छोट्या बोर्डावर निम्मा हा विचित्र आकडा आहे: एका माउंटसाठी बहुधा जास्त आणि बूटसाठी कधीकधी कमी. शिवाय प्रत्येक माउंटला वेगळा निम्मा. '/टीएमपी', '/रन' आणि '/डेव्ह/एसएचएम' असे तीन माउंट केले तर कागदावर दीडपट रॅम वाटून झाली. कर्नलची कागदपत्रं स्पष्ट बजावतात, की टीएमपीएफएसला प्रमाणाबाहेर जागा दिली तर यंत्र अडकून पडेल, कारण ती मेमरी सोडवणं ओओएम किलरच्या (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेच्या) हातात नसतं. तरीही ठरलेला आकडा बदलला नाही. निम्मा मोजला जातो तोही चिपवर छापलेल्या रॅमचा नाही, तर कर्नलच्या ताब्यात आलेल्या पानांचा. म्हणून ३२ एमबीच्या राउटरवर '/टीएमपी' सोळा एमबीची कधीच दिसत नाही. अपग्रेडची फर्मवेअर फाइल उतरते ती तिथेच, चालू प्रोसेसच्या शेजारी. राउटरसाठीच्या एका लोकप्रिय मुक्त फर्मवेअर प्रकल्पाने ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या उपकरणांचा हात शेवटी सोडला, त्यात फ्लॅशबरोबर रॅमच्या टंचाईचाही वाटा होता.

याच दरम्यान, २००२ च्या अखेरीस, २.५ मालिकेत इनिटरॅमएफएस आली. ब्लॉक डिव्हाइस गेलं, सीपीआयओ अर्काइव्ह (फाइलींचा साधा गठ्ठा) थेट रूटमध्ये उलगडू लागलं, आणि 'रॅमडिस्क_साइज'चा त्याच्याशी काही संबंध उरला नाही. तरीही बूटलोडरमध्ये नाव 'इनिटआरडी'च, ऑप्शन तोच, पत्ता देण्याची रीत तीच. जुन्या बूट ओळी नव्या बोर्डांवर जशाच्या तशा उतरत गेल्या.

त्यात २०१३ मध्ये एक गाठ पडली. तोवर इनिटरॅमएफएसची रूट नेहमी रॅमएफएस असे, म्हणजे बिनहद्द. आता ती टीएमपीएफएसही होऊ शकते, आणि कधी होते त्याचा नियम असा: कर्नलमध्ये टीएमपीएफएस असेल आणि बूट ओळीत 'रूट=' दिलेलं नसेल, तर टीएमपीएफएस. 'रूट=' असेल तर रॅमएफएस. 'रूट=/डेव्ह/रॅम०' ही इनिटआरडीच्या काळातली ओळ इनिटरॅमएफएसला लागतच नाही, पण ती आहे तोवर हद्द नसते. कोणीतरी स्वच्छता म्हणून ती काढतो आणि रूटला निम्म्या रॅमची हद्द लागते. इमेज निम्म्यापेक्षा मोठी उलगडली की उलगडणं 'राइट एरर'ने थांबतं. त्यावर कर्नल छापतो, की ही इमेज इनिटरॅमएफएस नाही, इनिटआरडी दिसते. वाचणारा अर्थातच 'रॅमडिस्क_साइज' वाढवायला धावतो. योग्य उपाय 'रूटएफएसटाइप=रॅमएफएस' हा आहे, आणि त्याचा उल्लेख त्या संदेशात कुठेच नाही.

२०२० मध्ये जुन्या इनिटआरडीच्या वाटेवर एक इशारा बसवला गेला: हा आधार कालबाह्य आहे, २०२१ मध्ये काढला जाईल. फ्लॉपीवरून रॅम डिस्क भरण्याचे ऑप्शनही त्याच सुमारास मोडीत निघाले. २०२१ आलं आणि गेलं, इनिटआरडी राहिली. २०२५ मध्ये ती काढण्यासाठी पुन्हा पॅचची माळ आली. अडचण तीच: जुन्या रीतीवर चालणारी उपकरणं अजून शेतात, कारखान्यांत, छपरांवर उभी आहेत, आणि ती बनवणारे कर्नलच्या चर्चांमध्ये क्वचितच फिरकतात. त्याच वर्षी इनिटरॅमएफएसच्या रूटला माउंटचे ऑप्शन बूट ओळीतूनच देण्याचीही सोय झाली, 'इनिटरॅमएफएस_ऑप्शन्स=साइज=९०%' अशी. निम्म्याची अट निदान बोर्डवाल्याच्या हातात आली. अर्थात बोर्डांबरोबर येणारे कर्नल नेहमी काही वर्षं मागे असतात, तेव्हा बहुतेकांना अजून काही काळ 'रूटएफएसटाइप'वरच भागवावं लागेल.