लाईट गेली की प्रेम वाढतं म्हणे

लाईट गेली की नऊ महिन्यांनी पाळणे हलतात हा जोक आपल्याकडं पंगतीत पण चालतो आणि व्हॉट्सॲपवर पण. ही गोष्ट जगभर फिरली ती न्यूयॉर्कमुळं. ९ नोव्हेंबर १९६५ ला संध्याकाळी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे ३ कोटी लोकांचा करंट गेला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तिथल्या पेपरात आलं की दवाखान्यांत बाळंतिणींची गर्दी झालीय. झालं, कुणी तपासायच्या भानगडीत पडलं नाही. शेवटी रिचर्ड उड्री नावाच्या अभ्यासकानं १९७० मध्ये आधीच्या वर्षांचे जन्माचे आकडे काढून शेजारी ठेवले तर फरकच नाही, दरवर्षी होतात तेवढीच पोरं.

पण थांबा, एका रात्रीच्या अंधारावरून निकाल लावू नका. २००८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांझिबारला समुद्राखालून येणारी केबल बिघडली आणि मुख्य बेटावर महिनाभर वीज नव्हती. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेडो बर्लांडो यांनी त्याचा अभ्यास केला, तर आठ ते दहा महिन्यांनी जन्म सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेले निघाले. मजा म्हणजे ज्या गावांत वीज पोचलीच नव्हती तिथं काही फरक नाही, पण ज्या गावात मोजक्याच घरांत मीटर होता तिथं बिनमीटरच्या घरांतही वाढ. शेजारच्या घरी टीव्ही बघत बसणारा, हॉटेलात रात्री उशिरापर्यंत रेंगाळणारा नवरा लवकर घरी आला असणार, दुसरं काय! म्हणजे यात चांदणं, मेणबत्ती वगैरे कमी आणि रात्री करायला दुसरं काही नसणं जास्त, असं माझं मत.

आता महिनाभर ग्रीड, म्हणजे सगळीकडची वीज जोडणारं तारांचं जाळं, बंद ही गोष्ट आपल्याकडं, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात होऊ शकते का? ग्रीडमध्ये वीज साठवून ठेवायची सोय फार थोडी, ज्या क्षणी जेवढी वापरली त्याच क्षणी तेवढी तयार व्हायला लागते. देशातले सगळे मोठे जनरेटर सेकंदाला ५० ठोक्यांच्या तालावर एकत्र चालतात, लेझीमच्या पथकासारखे, एखादा मोठा गडी मधेच बसला की बाकीच्यांचा ताल ढळतो. ताल फार पडला की मशिनं स्वतःला वाचवायला आपोआप सुटायला लागतात, एक सुटलं की त्याचा भार दुसऱ्यावर, दुसरं सुटलं की तिसऱ्यावर, आणि काही सेकंदांत सगळं आडवं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत असंच झालं, दुसऱ्या दिवशी तर सुमारे ६२ कोटी लोक अंधारात. आपण तेव्हा वाचलो कारण दक्षिणेचं ग्रीड वेगळ्या तालावर होतं. ते जोडलं गेलं ३१ डिसेंबर २०१३ ला, तेही कुठून, तर रायचूर-सोलापूर लाईननं. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, करंटनं मात्र कर्नाटक-महाराष्ट्र कधीच एक करून टाकलंय. फायदा मोठा आहेच, पण उत्तरेत कोसळलं की आपण आपोआप सुटलो असं आता धरता येत नाही.

पडलेलं ग्रीड उभं करणं हे पण एक दिव्यच. कोळशाचा प्लांट चालू करायलाच वीज लागते, त्याचे पंप, पंखे, कोळसा दळायची मशिनं. म्हणून सुरुवात धरणाच्या विजेपासून, आणि त्यात आपलं नशीब बरं, काळी आणि शरावती नद्यांवरची धरणं जवळच. तिथून हळूहळू एकेक तुकडा पेटवत जायचा. त्यामुळं नुसतं ग्रीड पडलं तर काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत लाईट येते, २८ एप्रिल २०२५ ला जवळजवळ अख्खा स्पेन आणि पोर्तुगाल गेला होता तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बराचसा परत आला. खरा घोळ मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले तर. गल्लीतला टीसी (छोटा ट्रान्सफॉर्मर) जळला तर हेस्कॉमवाले, म्हणजे इथली वीज कंपनी, दुसरा आणून बसवतात, पण शेकडो टनांचे ते धूड ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्याला महिने जातात.

आणि ज्यांनी छतावर सोलर बसवलंय त्यांनी फार खुश होऊ नका. बॅटरी नसलेलं साधं ऑन-ग्रीड सोलर ग्रीड गेलं की मुद्दाम स्वतःला बंद करतं, नाहीतर पोलवर चढलेल्या लाईनमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. म्हणजे डोक्यावर रणरणतं ऊन आणि खाली पंखा बंद! साखर कारखाने हंगामात चिपाडावर स्वतःची वीज करतात, त्यातली आसपासच्या गावांना देणं जमेलही, पण त्यासाठी ग्रीडपासून वेगळं होऊन चालायची यंत्रणा आधीच बसवलेली पाहिजे, आणि पावसाळ्यात तर बॉयलरच थंड.

पहिल्या दिवशी मोबाईलचे टॉवर बॅटरी संपली की जातात, मग टाकीतलं पाणी, कारण ते पंपानंच चढवतात. इथं बेळगावात जुन्या घरांच्या मागं आड आहेत, बऱ्याच जणांनी वर जाळी टाकून मोटर बसवलीय आणि रहाट काढून भंगारात घातलाय. ज्याच्या आडावर अजून रहाट फिरतो त्याच्या परसात तिसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या घागरी लागणार. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदली, तेव्हा घरोघरी मोटर कुठं होती. फ्रिज बंद पडला की इन्सुलिनवाल्यांचा जीव वर येतो, तर वापरायला उघडलेली बाटली साधारण चार आठवडे साध्या खोलीच्या तापमानात टिकते, आणि बाकीच्या कोरड्या पिशवीत गुंडाळून ओल्या मडक्यात ठेवता येतात (डॉक्टरला एकदा विचारून ठेवा). जनरेटर मात्र कधीच घरात किंवा बंद बोळात लावायचा नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो.

मग जगतं कोण? १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७०० च्या वर माणसं गेली, बरीचशी एकटी राहणारी म्हातारी. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या ताडून पाहिल्या, एकीत मृत्यू फार, दुसरीत फारच कमी. दुसरीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं चालत बाहेर पडायची, आणि दोन दिवस दिसली नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात यायचं. आपल्या गल्लीतले पंच आणि मंडळं ऐन वेळी कामाला येतील ती याचसाठी, शिवजयंतीच्या चित्ररथाला लागणारा जनरेटर कुणाकडं आहे आणि कुठल्या आजीला ऑक्सिजन चालू आहे हे त्यांना पाठ असतं. पण नव्या लेआऊटमध्ये, जिथं कंपाऊंड उंच आणि समोरच्याचं नाव फक्त गेटवरच्या पाटीमुळं माहीत, तिथलं अवघड आहे ओ.

आणि प्रेमाचं काय? भीतीनं छाती धडधडली की माणूस ती धडधड समोरच्या व्यक्तीच्या नावावर टाकतो, हे डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या एका हलत्या झुलत्या पुलावर दाखवलं होतं, पुलावर भेटलेल्या बाईला पोरांनी नंतर फोन जास्त केले. इथं फोनच बंद, आणि सगळी गल्ली कट्ट्यावर बसलेली असताना कुणी कुणाच्या दारात किती वेळ उभं राहिलं हे सात घरांना कळणार, तेव्हा जमलं तरी चोरून जमणार नाही. पण जमेल, याला आधार आहे. १९८९ मध्ये ह्यूगो वादळानं साऊथ कॅरोलायना झोडपलं आणि पुढच्या वर्षी वादळात सापडलेल्या भागात लग्नं वाढली, जन्म वाढले, आणि त्याच वर्षी घटस्फोट पण वाढले. कोहान आणि कोल यांचा हा अभ्यास २००२ चा. मरण जवळून बघितलं की माणसं बरीच वर्षं लटकलेला निर्णय घेऊन टाकतात, मग तो हो असो की पुरे झालं असो.