खुर्ची निवडली, मग पुन्हा लॉगिन का?

समजा, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातल्या रविवारच्या प्रयोगाची दोन तिकिटं ऑनलाइन काढायची आहेत. लॉगिन झालं, खुर्च्या निवडल्या, ‘पैसे भरा’वर क्लिक केलं आणि समोर पुन्हा लॉगिनचं पान. बाहेरून वेबसाइट एकच दिसते, पण आत खुर्च्यांचं मॉड्यूल (प्रोग्रॅमचा स्वतंत्र भाग) वेगळं आणि पैशांचं वेगळं असू शकतं. मग एकाचं सेशन, म्हणजे कोण लॉगिन झालंय याची आठवण, दुसऱ्याला ठाऊकच नसतं.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला आधीची रिक्वेस्ट (ब्राउझरची मागणी) लक्षात राहत नाही. त्यावर उपाय म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारा छोटासा मजकूर, आणली. लॉगिननंतर सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारा सेशन आयडी देतो आणि तो प्रत्येक रिक्वेस्टसोबत परत येतो. खातेदार कोण, ही नोंद मात्र सर्व्हरवरच असते. म्हणजे वाटून घ्यायच्या गोष्टी दोन आहेत, आयडी आणि त्यामागची नोंद. घोळ होतो तो दोन्हींपैकी एकच वाटून घेतल्यामुळे.

जावातली वेब ॲप्लिकेशन चालवणाऱ्या टॉमकॅट या सर्व्हरचंच बघा. दोन वॉर फाइल (एकेका ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल) एकाच टॉमकॅटवर चालत असल्या, तरी सर्व्हलेट या जावाच्या वेब मानकाच्या नियमानुसार प्रत्येक ॲप्लिकेशनचं सेशन स्वतंत्र असतं. कुकीचा पाथ (वेबसाइटच्या कोणत्या पत्त्यांना ती पाठवायची ते) ‘/’ केला की आयडी दोघांकडे पोचतो, पण दुसरीकडे त्या आयडीची नोंद कोरीच राहते. नोंद रेडिस या वेगवान डेटाबेससारख्या सामायिक साठ्यात ठेवली, तरच काम होतं. स्प्रिंग सेशन ही जावाची लायब्ररी हेच करते.

त्या साठ्यात काय ठेवायचं, यावर खरा विचार हवा. खातेदाराचा आयडी, त्याची भूमिका, लॉगिनची वेळ, बस. जावाचा अख्खा ऑब्जेक्ट सीरियलाइझ करून (साठवता येईल अशा रूपात बदलून) टाकला आणि दुसऱ्या मॉड्यूलकडे तो क्लास, म्हणजे त्या ऑब्जेक्टचा आराखडा, नसला, तर वाचतानाच एक्सेप्शन (एरर) येतं. त्यापेक्षा जेसन हा साध्या मजकुराचा फॉरमॅट बरा. निवडलेल्या खुर्च्याही सेशनमध्ये नकोत. दोन टॅब उघडे असतील आणि प्रत्येक रिक्वेस्ट पूर्ण सेशन वाचून पुन्हा लिहीत असेल, तर शेवटी लिहिणारा आधीच्याचं पुसून टाकतो. खुर्च्या त्यांच्या मॉड्यूलच्या डेटाबेसमध्येच, मुदतीसह राखून ठेवाव्यात.

मॉड्यूलांच्या सेशनच्या मुदतीही जुळवून घ्या. टॉमकॅटचं सेशन मुळात ३० मिनिटांचं असतं, तर पीएचपी या भाषेत मूळ सेटिंग १,४४० सेकंदांचं, म्हणजे २४ मिनिटांचं.

जेडब्ल्यूटी, म्हणजे खातेदाराची माहिती आतच असलेलं, सर्व्हरने डिजिटल सही केलेलं टोकन, वापरलं तर सामायिक साठा लागत नाही, सही तपासली की झालं. पण लॉगआउट केल्यावरही आधी दिलेलं टोकन मुदत संपेपर्यंत चालतं. पैशांच्या व्यवहारात आम्ही रेडिसच निवडू.

कुकीला एचटीटीपीओन्ली (पानावरच्या जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही) आणि सिक्युअर (ती फक्त एचटीटीपीएसवरून जाते) लावा, लॉगिन होताच सेशन आयडी बदला. कुकीचं डोमेन मोकळं सोडलं तर सबडोमेनना कुकी जात नाही. मुख्य डोमेन लिहिलं तर सगळ्याच सबडोमेनना जाते, अगदी कुणी न सांभाळलेल्या जुन्या सबडोमेनलाही.

दोष कुठे आहे, ते ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून उघडणाऱ्या डेव्हलपर टूल्समध्ये कुकी बघून कळतं. लॉगिननंतर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये जाताना आयडी बदलला, तर आधी पाथ आणि डोमेन तपासा. आयडी तोच असून लॉगिन मागितलं, तर साठ्याकडे बघा. मग एका मॉड्यूलमधून लॉगआउट करून दुसऱ्याचं पान रिफ्रेश करा. सर्व्हरने खात्याचं पान दिलं, तर जुनी नोंद अजून जिवंत आहे.