नावापाशी तारा: देणगी आणि माजी विद्यार्थी ऑफिसातल्या कारकुनी कामाची पार्श्वभूमी

युनिव्हर्सिटी फंडरेझिंगचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, तो मोठ्या देणगीदारांचा नाहीतर कुलगुरूंचा असतो. कुणी किती दिले, कुठल्या इमारतीला कुणाचं नाव लागलं, कॅम्पेन केवढ्याचं झालं. ज्यांनी पाकिटं फोडली, चेकची नोंद केली, पावत्या टाइप केल्या, परत आलेल्या पत्रांवरून पत्ते दुरुस्त केले त्यांच्याबद्दल ओळभरही सापडत नाही. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि मला मनापासून वाटतं की हा सगळा डोलारा उभा आहे तो माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या यादीवर. नाव बरोबर हवं, पत्ता बरोबर हवा आणि माणूस हयात आहे की नाही हे बरोबर हवं, एवढं जमलं की मग पुढचं सगळं. म्हणून हा इतिहास यादीच्या बाजूने सांगते.

ऑक्सफर्डला थॉमस बॉडलीने मोडकळीला आलेली जुनी लायब्ररी नव्याने उभी केली आणि १६०२ मध्ये उघडली. पुस्तकं आणि पैसे देणाऱ्यांची नावं लिहायला त्याने एक भलंमोठं देखणं रजिस्टर बनवून घेतलं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडेल असं ठेवलं. शेजारच्याचं नाव दिसलं की आपलंही असावं असं माणसाला वाटतंच, हे बॉडली पुरतं ओळखून होता. म्हणजे नोंदवही, आभार आणि पुढची मागणी ही तिन्ही कामं एकाच वहीने केली आणि ती वही कुणीतरी बसून सुंदर अक्षरात लिहीत होतं.

अमेरिकेत सुरुवात हार्वर्डपासून. जॉन हार्वर्ड १६३८ मध्ये वारला, अर्धी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं कॉलेजला देऊन गेला आणि कॉलेजला त्याचंच नाव मिळालं. पण एका मृत्युपत्रावर कॉलेज चालत नाही, म्हणून १६४१ मध्ये वसाहतीतून तिघांना पैसे गोळा करायला इंग्लंडला पाठवलं आणि १६४३ मध्ये ‘न्यू इंग्लंड्स फर्स्ट फ्रूट्स’ नावाची पुस्तिका लंडनमध्ये छापली गेली, कॉलेजची माहिती देऊन मदत मागणारी, आज आपण जे ब्रोशर काढतो त्याची ही पणजी म्हणायला हरकत नाही. त्याच वर्षी अ‍ॅन रॅडक्लिफ म्हणजे लेडी मोल्सन या बाईंनी गरीब विद्यार्थ्याच्या स्कॉलरशिपसाठी १०० पौंड दिले. पुढे अडीचशे वर्षं त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. मग जुन्या कागदपत्रांतून ते पुन्हा वर आलं आणि १८९४ मध्ये हार्वर्डशेजारच्या मुलींच्या कॉलेजला रॅडक्लिफ कॉलेज हे नाव दिलं गेलं. कुणीतरी त्या वेळी देणगी, नाव आणि अट नीट लिहून ठेवली होती म्हणूनच हे झालं ना.

येलचं उदाहरण तर आमच्या कामातल्या कुणालाही लगेच कळेल. १७१८ मध्ये, ज्याचं नाव या कॉलेजला लागलं त्या एलिहू येलने रोख रक्कम पाठवलीच नाही, पाठवले मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकं आणि राजा पहिला जॉर्ज याचं चित्र. माल विकून ५६२ पौंड आले. आज याला वस्तुरूप देणगी म्हणतात आणि आजही ती सगळ्यात किचकट, कारण मोजायचं कुणी, किंमत ठरवायची कुणी, विकलं तर देणगी कितीची दाखवायची हे सगळं शेवटी नोंद करणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतं.

माजी विद्यार्थ्यांची संघटना ही गोष्ट त्यानंतर बरीच उशिरा आली. येलमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी पदवीच्या वर्षाप्रमाणे म्हणजे ‘क्लास’प्रमाणे माजी विद्यार्थ्यांना बांधून ठेवायची पद्धत पडली, प्रत्येक क्लासचा एक सेक्रेटरी, त्याने आपल्या बॅचच्या सगळ्यांची खबरबात ठेवायची. १८२१ मध्ये विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन अ‍ॅमहर्स्टला निघून गेले, कॉलेज बंद पडतंय की काय अशी वेळ आली, तेव्हा जुने विद्यार्थी एकत्र आले आणि सोसायटी ऑफ अ‍ॅल्युमनाय स्थापन झाली, आज चालू असलेली ही सगळ्यात जुनी माजी विद्यार्थी संघटना मानतात.

आता मला ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय तो माणूस. जॉन लँगडन सिब्ली. १८५६ ते १८७७ हार्वर्डचा ग्रंथपाल, पण त्याआधीपासून कितीतरी वर्षं हार्वर्डच्या पदवीधरांची यादी तो सांभाळत होता. ही यादी दर तीन वर्षांनी निघायची, लॅटिनमध्ये, आणि जो पदवीधर वारला त्याच्या नावापाशी एक तारा छापायचे. अशा तारांकित नावांसाठी ‘स्टेलिगेरी’ असा खास लॅटिन शब्दच होता, तारा धारण करणारे. ऐकायला फार छान वाटतं पण तो तारा लावायच्या आधी माणूस खरंच गेला का, कधी गेला, कुठे गेला हे शोधावं लागायचं. सिब्ली त्यासाठी नातेवाइकांना, गावोगावच्या पाद्र्यांना पत्रं लिहीत बसायचा, वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या वेचायचा, तारखा ताडून बघायचा. पगाराचं मुख्य काम लायब्ररीचं आणि हे सगळं त्याच्या जोडीला. आज सॉफ्टवेअरमध्ये आम्ही ‘डिसीज्ड’ची टिक लावतो ती त्याच ताऱ्याची नात आहे. आणि ती का जपून लावायची हे ज्याने एकदा चूक केली त्यालाच कळतं. मी नवीन असताना आमच्या ऑफिसातून एका वारलेल्या माणसाच्या नावे वार्षिक देणगीचं पत्र गेलं होतं, मुलीने कळवलेलं होतं पण ती चिठ्ठी कुठल्याशा फाईलमध्ये राहिली, आणि बायकोचा फोन मी घेतला. त्या चिडल्या वगैरे नव्हत्या, फक्त एवढंच विचारलं की अजून किती पत्रं यायची आहेत. ते अजून विसरले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत सगळं भराभर बदललं. येलने १८९० मध्ये दरवर्षी माजी विद्यार्थ्यांकडून पैसे गोळा करायचा फंड सुरू केला, म्हणजे कधीतरी एकदा मोठी देणगी यापेक्षा दरवर्षी थोडं थोडं. कारकुनी कामासाठी खरी उलथापालथ इथे आहे, कारण एक मोठा दाता लक्षात ठेवता येतो पण हजारो छोटे दाते दरवर्षी नव्याने विचारायचे, कुणी दिलं कुणी नाही दिलं हे बघायचं, तर त्याला यंत्रणाच लागते. मिशिगन युनिव्हर्सिटीने १८९७ मध्ये माजी विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ पगारी सेक्रेटरी नेमला. आणि नेमक्या याच काळात साधनंही हाताशी आली. टाइपरायटर होताच, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कागद उभे ठेवायची फाईलची कपाटं मांडली गेली, त्याआधी पत्रं आडवी रचायचे नाहीतर खणात कोंबायचे, आणि १८९६ मध्ये अ‍ॅड्रेसोग्राफचं पेटंट निघालं.

अ‍ॅड्रेसोग्राफ म्हणजे काय ते थोडं सांगते. प्रत्येक माणसासाठी एक छोटी धातूची पट्टी, तिच्यावर नाव-पत्त्याची उठावाची अक्षरं, पट्टी मशीनमध्ये घातली की शाईच्या रिबनवरून ठप्प करून पाकिटावर पत्ता. पट्ट्या ड्रॉवरमध्ये रांगेने उभ्या, वरच्या कडेला छोटे टॅब लावायची सोय, त्यावरून ठरावीक गटाच्याच पट्ट्या निवडता यायच्या. म्हणजे ज्याला आज आपण फिल्टर म्हणतो ते हाताने, लोखंडात. पत्ता बदलला की जुनी पट्टी काढून नवी ठोकायची, त्याचं वेगळं मशीन आणि त्याचा आवाज भयंकर. जोडीला कार्डांचे खण. मुलींच्या कॉलेजांत तर लग्नानंतर आडनाव बदललं की दोन कार्डं, माहेरच्या नावाच्या कार्डावर ‘अमुक नावाखाली पाहा’ आणि सासरच्या नावाचं कार्ड खरं. माहेरचं कार्ड फेकून दिलं तर वर्गमैत्रिणीला ती कधीच सापडायची नाही.

हे काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. टाइपरायटर आला तसा ऑफिसांत बायकांचा शिरकाव झाला, पगार पुरुषांपेक्षा कमी, पुढे जायची वाट जवळजवळ नाहीच. १९१३ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत माजी विद्यार्थी सेक्रेटरींची संघटना स्थापन झाली, पण तिथे जमले ते ऑफिसप्रमुख. कार्डं लावणाऱ्यांची संघटना कुणी केली नाही आणि याचं मला वाईट वाटतं, कारण पद्धती खरं तर त्यांनीच बसवल्या.

मोठ्या कॅम्पेनचं तंत्र आलं ते वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेकडून. चार्ल्स वॉर्ड आणि लायमन पियर्स या जोडीने १९०५ च्या सुमाराला ठरावीक दिवसांत ठरावीक रक्कम जमवायची पद्धत रूढ केली, चौकात मोठं घड्याळ लावायचं आणि रक्कम वाढेल तसा काटा पुढे. ते घड्याळ सगळ्यांना दिसायचं, पण काटा किती सरकवायचा हे सांगायला रोज संध्याकाळी आकडा जुळवलेला लागायचा. हार्वर्डने १९०४-०५ मध्ये शिक्षकांचे पगार वाढवण्यासाठी मोहीम काढली आणि १९१९ मध्ये जॉन प्राइस जोन्स या माजी पत्रकाराच्या हाताखाली तर ऑफिसच फॅक्टरीसारखं चाललं, त्या मोहिमेत सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर जमले. माणसामागे एक कार्ड, कुणी कुणाला भेटायचं, भेट झाली का, काय म्हणाला, परत कधी. आजचा कॉन्टॅक्ट रिपोर्ट दुसरं काय आहे.

मग कायदे आले आणि प्रत्येक कायद्याने आमच्या टेबलावर एक कागद वाढवला. अमेरिकेत १९१७ पासून देणगीवर आयकरात सूट मिळू लागली, त्यामुळे पावतीला नुसत्या आभाराच्या पलीकडे किंमत आली. टपालाने पाठवलेला चेक पोस्टात टाकला त्या दिवशीची देणगी धरतात, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं फेकायची नाहीत, ३१ डिसेंबरचा शिक्का असलेलं पाकीट चेकच्या कॉपीला स्टेपल करून ठेवायचं, नवीन आलेल्याला मी पहिल्यांदा हेच शिकवते. १९५४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम त्याच्या कॉलेजला द्यायची योजना काढली, बाकीच्या कंपन्या मागे आल्या आणि मॅचिंगचे फॉर्म सुरू झाले. १९६३ मध्ये झिप कोड म्हणजे तिथला पिन कोड आला, १९६७ पासून गठ्ठ्याने जाणारं टपाल झिपप्रमाणे लावूनच द्यावं लागायचं, म्हणजे जुन्या याद्यांतल्या एकूण एक पत्त्याला कोड शोधा आणि मग जमिनीवर गठ्ठे मांडून बसा. १९९३ च्या कायद्याने तर पावतीतला मजकूरच ठरवून दिला, २५० डॉलर आणि वरच्या देणगीला सूट हवी तर संस्थेचं लेखी पत्र हवं आणि बदल्यात दात्याला काही दिलं की नाही हे त्यात लिहायचं, ७५ डॉलरच्या वर पैसे घेऊन जेवण-तिकीट असं काही दिलं असेल तर त्याची किंमत सांगायची. एका वाक्याचा प्रश्न वाटतो पण ते वाक्य नसेल तर सूट दात्याची जाते.

आमच्या या सगळ्या कामाला ‘डेव्हलपमेंट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्समेंट’ म्हणतात, हे शब्दही याच काळात रुळले. १९५८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात ग्रीनब्रायर इथे परिषद झाली, तिथे ठरलं की माजी विद्यार्थी, प्रसिद्धी आणि फंडरेझिंग ही तिन्ही कामं एकत्र चालवावीत, आणि १९७४ मध्ये दोन जुन्या संघटना मिळून ‘केस’ (CASE) ही या कामातल्या लोकांची संस्था झाली, ती आज जगभर आहे. एकत्र आलं म्हणजे यादीही एकच झाली आणि यादी एक झाली की भांडणं सुरू, मॅगझीनवाल्यांना घरचा पत्ता हवा, इव्हेंटवाल्यांना ऑफिसचा.

कॉम्प्युटरबद्दल फार लांबण लावत नाही. आधी पंच कार्डं, मग मोठी मशीन्स जिथे रिपोर्ट रात्री टाकायचा आणि सकाळी प्रिंटआउट न्यायचा, १९८० च्या दशकात ब्लॅकबॉड या कंपनीचं रेझर्स एजसारखं खास याच कामाचं सॉफ्टवेअर. त्याच्याबरोबर शब्द आले, लायबंट म्हणजे गेल्या वर्षी दिलं पण यंदा नाही, सायबंट म्हणजे आधी कधीतरी दिलं पण यंदा नाही. हे शब्द नवीन, पण येलच्या फंडवाल्यांना १८९० मध्ये सुद्धा हीच यादी लागत असणार.

ब्रिटनमध्ये हे सगळं उशिरा आलं कारण युनिव्हर्सिट्या मुख्यतः सरकारी पैशावर चालायच्या. ऑक्सफर्डचं मोठं कॅम्पेन १९८८ चं. १९९० मध्ये गिफ्ट एड आलं, म्हणजे दात्याने देणगीच्या रकमेवर भरलेला कर संस्थेला सरकारकडून परत मिळायची योजना, तेव्हा एकरकमी निदान ६०० पौंड द्यावे लागायचे, २००० मध्ये ती अट गेली आणि पाच-दहा पौंडांनाही लागू झालं, मग प्रत्येक दात्याचं त्यासाठीचं डिक्लेरेशन मिळवा, जपून ठेवा. २००८ ते २०११ इंग्लंडमध्ये सरकारने देणग्यांना जोड म्हणून २० कोटी पौंड ठेवले तेव्हा कितीतरी युनिव्हर्सिट्यांनी या ऑफिसांकडे गांभीर्याने बघितलं.

आणि मग मे २०१८ मध्ये जीडीपीआर, म्हणजे माणसांची खासगी माहिती जपण्याचा युरोपातला कायदा. शंभर वर्षं ज्या कार्डांवर ‘सासऱ्यांचा मोठा धंदा आहे’, ‘घटस्फोट झालाय, जपून’ असं काहीही लिहिलं जायचं ती पद्धत मोडली, दात्याने मागितलं तर त्याच्याबद्दल जे लिहिलंय ते त्याला दाखवावं लागतं. मला हे अगदी योग्य वाटतं. नोंद अशी लिहावी की त्या माणसाने वाचली तरी आपल्याला मान खाली घालावी लागू नये. २०२० मध्ये ब्लॅकबॉडवर रॅन्समवेअर हल्ला, म्हणजे माहिती ओलीस धरून खंडणी मागणारा हल्ला झाला आणि अनेक देशांतल्या युनिव्हर्सिट्यांना आपापल्या माजी विद्यार्थ्यांना कळवावं लागलं की तुमची माहिती बाहेर गेली असू शकते. ती पत्रं कुणी पाठवली, आलेले फोन कुणी घेतले, तर याच टेबलांवरच्या लोकांनी.

सिब्लीच्या यादीत तारा लागला की काम संपायचं. आता टिक लावली की सिस्टीम आपोआप पत्रं थांबवते, ईमेल थांबवते, पण आमच्याकडे नवरा-बायकोचं जोडीने लिहिलेलं संबोधन तसंच राहतं. त्यातलं एक नाव काढून दुसऱ्यासाठी नवीन संबोधन लिहायचं काम अजून हातानेच होतं, आणि ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही.