आकाशगंगेचा फोटो आणि वर्गमुळाची गंमत

सिंधुदुर्गातल्या भोगव्यासारख्या किनाऱ्यावरून काढलेला आकाशगंगेचा फोटो ग्रुपवर पडला की कमेंट ठरलेली: "फोटोशॉप आहे, आम्हाला तर असं काही दिसलं नाही." दिसणारच नाही हो. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच काय तो गोळा करतो, शिवाय अंधारात रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास बंद, म्हणून आपल्याला नुसता राखाडी पट्टा. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र शटर उघडं आहे तोवर प्रकाश जमवत बसतो.

मग पाच मिनिटं उघडं ठेवा की! पण पृथ्वी फिरते, तारे सेकंदाला १५ विकलांपर्यंत सरकतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा नि २४ मिमी फोकल लेंग्थची लेन्स धरली तर एक पिक्सेल साधारण ५० विकलांचा, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांत तारा शेजारच्या पिक्सेलवर. शटर किती वेळ उघडं ठेवायचं यासाठी ५०० ला फोकल लेंग्थने भागायचा नियम २० सेकंद देतो, मोबाइलवर बघायला ठीक, झूम केलं की तारे लांबट.

म्हणून एकाऐवजी भरपूर फोटो काढून एकमेकांवर रचतात, आणि खरी मजा इथे आहे. प्रकाशाचे कण पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात, सरासरी १०० असली तरी कधी ९२ कधी १०९. ही डगमग साधारण वर्गमुळाएवढी, म्हणजे १०. तीच फोटोतली रवाळ नॉइज (उगाच आयएसओला, म्हणजे फोटो उजळ करणाऱ्या सेटिंगला, शिव्या घालतात लोक). १६ फोटो रचले की कण १६००, डगमग ४०. प्रकाश १६ पट, नॉइज फक्त ४ पट!

आता शहर. समजा आकाशगंगेचे १०० कण नि दिव्यांच्या उजेडाचे २४००, एकूण २५००, डगमग ५०. सॉफ्टवेअर ते २४०० वजा करतं, पण ५० ची डगमग काही वजा होत नाही. किनाऱ्यावर उजेड ३०० चाच असेल तर एकूण ४००, डगमग २०. शहरातली डगमग अडीचपट, म्हणून तेवढाच स्वच्छ फोटो शहरातून हवा तर अडीचचा वर्ग, म्हणजे सहापट शॉट्स लागतील. आडबाजूच्या किनाऱ्यावर जायचं ते यासाठी.

जायचं अमावास्येला, चंद्राचा उजेड नसतो. भुताखेतांचं सोडा, भरतीचं मात्र बघा, कारण त्या दिवशी उधाण, म्हणजे मोठी भरती असते. तिथीला पाऊणने गुणायचा कोळ्यांचा हिशोब (अमावास्या पंधरावी, १५ गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा) रात्री सव्वाअकराच्या आसपास पूर्ण भरती सांगतो, ट्रायपॉड त्या बेतानेच लावा. मार्चमध्ये आकाशगंगेचं केंद्र मध्यरात्रीनंतर उगवतं, तोवर पाणी उतरायला लागलेलं असतं. ऑक्टोबरात तेच अंधार पडल्या पडल्या नैऋत्येला थेट समुद्रावर. आणि ज्या मूळ नक्षत्रावर पोर जन्मलं की शांत करायला धावतात, हे केंद्र त्याच भागात आहे, सगळे फोटोवाले त्याच्याच मागे!

रचताना तारे जुळवले की खालची माडं नि खडक फिसकटतात, म्हणून जमिनीचा फोटो वेगळा घेऊन जोडतात. तेही चालतं माझ्या मते, फक्त संध्याकाळच्या उजेडातली जमीन लावली असेल तर तसं खाली लिहा.